साडेनऊ इंचांवरची खूण

दिवाणखान्यातून स्वयंपाकघराकडे वळताना भिंतीचा जो कोपरा लागतो, तिथे जमिनीपासून साडेनऊ इंचांवर एक डाग होता. तळहाताएवढा, तपकिरी, किंचित तेलकट. साडेनऊ इंच हे अंदाजाने सांगितलेलं नाही. ज्यांच्या घरात तो डाग होता त्यांनी चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती. अंदाज या शब्दाचा त्यांना इतका तिटकारा, की आमटीत मीठ अंदाजाने घातलंय असं बायकोने म्हटलं तर जेवण संपेपर्यंत ते साशंक असत.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना मोजणीदार म्हणूनच ओळखे. त्यांचा मोठा अभिमानाचा विषय म्हणजे चौतीस वर्षांत त्यांनी रोवलेला हद्दीचा एकही दगड कुणाला हलवता आला नव्हता. एकदा दोन भाऊ एका दगडावरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा मोजणीदार त्या दगडावरच जाऊन बसले आणि दोघे थकून घरी जाईपर्यंत उठले नाहीत. ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे दुसऱ्यांदा आले तर दुसऱ्यांदा सांगत.

तर डाग. तो पाडला होता साहेबांनी. साहेब म्हणजे त्यांचा बोका. करडा रंग, गळ्याशी पांढरा पट्टा, बोलावलं तर यायचं नाही आणि आलंच तर काहीतरी काम सांगायला. मोजणीदारांच्या जुन्या वरिष्ठांची हुबेहूब हीच तऱ्हा होती, म्हणून नाव त्यांनीच ठेवलं होतं. पुढे बायको त्या बोक्याला अहोजाहो करू लागली तेव्हा मात्र त्यांना थोडा पश्चात्ताप झाला. निवृत्त झाल्यावरही माणसाच्या घरात साहेब असावा, हे काही बरं नाही.

साहेब त्या कोपऱ्यावरून जाताना डावा गाल भिंतीला लावत, मिशांच्या टोकापासून कानाच्या मुळापर्यंत सावकाश घासत आणि पुढे जात. दिवसातून सहासात वेळा. सात वर्षं.

"पुसून टाकतो तो डाग," एका सोमवारी सकाळी मोजणीदार म्हणाले.

"राहू दे हो. कुणाला दिसतोय?" बायको म्हणाली.

"मला दिसतोय."

"मग तुम्ही खाली बघत जाऊ नका."

ज्याने जन्मभर खाली बघून पगार घेतला त्याला हे सांगणं म्हणजे जरा जास्तच झालं. मोजणीदारांनी बादली भरली.

डाग पंधरा मिनिटांत गेला आणि मोजणीदार तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एक जागा स्वच्छ केली की शेजारची जागा मळकी दिसू लागते, हा स्वच्छतेचा फार वाईट गुण आहे. कोपरा उजळला, मग दाराची चौकट काळपट वाटली. तिच्यावरही तसलाच पट्टा. मोजणीदारांनी टेप लावून पाहिला: साडेनऊ इंच. जेवणाच्या टेबलाचा पाय, सोफ्याची कड, कपाटाचा कोपरा, सगळीकडे साडेनऊ. "मोजून घाण करतो की हा!" ते म्हणाले. त्या स्वरात राग होता, पण धंद्यातला आदरही होता.

दोन दिवसांत त्यांनी घर धुऊन काढलं. साहेबांची गादी गरम पाण्यात घातली. ज्या काथ्याच्या पायपुसण्यावर साहेब सकाळी नख्या घासत ते कचऱ्यात गेलं. संध्याकाळी साहेब त्यांच्याच पोटरीला कपाळ आणि गाल घासून जात, म्हणून त्यांनी स्वतःच्या तिन्ही विजारीसुद्धा उकळून काढल्या. बुधवारी संध्याकाळी घरात फक्त फिनेलचा वास होता. मोजणीदार खुर्चीत बसून चारी भिंतींकडे समाधानाने बघत राहिले.

साहेबांनी मात्र घरभर एक चक्कर मारली. कोपऱ्याशी आले, हुंगलं, थबकले. चौकटीशी आले, हुंगलं, थबकले. गादीशी आले आणि मागे सरकले. आपण गावाहून परत यावं आणि आपल्या घराला भलतीच पाटी असावी, खिडकीला भलतेच पडदे असावेत, तसं त्यांचं तोंड झालं होतं. मग ते उडी मारून कपाटावर चढले आणि तिथेच राहिले.

गुरुवारी दुपारी तीन वाजता बायको नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र घेऊन सोफ्यावर बसली. तिचा डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता आणि रोज तीन ते साडेचार साहेब त्या गुडघ्यावर येऊन झोपत. डॉक्टरांच्या कुठल्याही गोळीपेक्षा तिचा या दीड तासावर विश्वास होता. त्या दिवशी तिने मांडीवर हात थोपटला. साहेबांनी कपाटावरून पाहिलं आणि तोंड फिरवलं. चार वाजता ती उठली. "आज थंडी आहे का जरा?" एवढंच म्हणाली. थंडी नव्हती.

शुक्रवारी सकाळी साहेब खाली उतरले, त्या स्वच्छ कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, शेपूट झेंड्याच्या काठीसारखी ताठ केली, ती शेंड्याशी थरथरली, आणि भिंतीवर धार उडाली.

सात वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. साहेबांची लहानपणीच शस्त्रक्रिया झाली होती आणि मातीच्या पेटीबाबत ते अत्यंत शिस्तीचे होते. मोजणीदार ओरडले नाहीत. अपमान खोल असला की माणूस ओरडत नाही. त्यांनी दुकानातून काचा पुसायचं, नाकाला झोंबणारं, अमोनियाचं द्रावण आणलं आणि ती जागा अशी घासली की रंगाचा पापुद्रा निघाला. दुपारी साहेबांनी तीच जागा हुंगली, आणि याखेपेस दोन धारा.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण मोजणीदारांना ती कळायला आणखी तीन दिवस लागणार आहेत आणि तोवर तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं नाही. मांजराच्या मुतात अमोनिया असतो. म्हणजे मोजणीदार जेवढं घासत होते तेवढं साहेबांना वाटत होतं, की कुणीतरी दांडगा परका बोका रोज येऊन आपल्या घरावर हक्क सांगून जातोय. आणि रोज त्याला तिथल्या तिथे उत्तर देणं साहेबांना भाग होतं.

वास जिन्यात गेला आणि जिन्यातून सल्ले वर आले. तळमजल्यावरच्या शिंप्याने संत्र्याच्या साली पसरायला सांगितलं. साहेब सालींना वळसा घालून गेले, मोजणीदार सालीवरून घसरले. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई अर्धा तास बोलून गेल्या. त्यांच्याकडे एक मांजरी होती, त्यामुळे त्यांचा शब्द अधिकाराचा.

"एकटेपणा, काका. दुसरं काही नाही," त्या म्हणाल्या. "त्याला सोबत हवीय."

"आम्ही दोघं आहोत की घरात."

"तुम्ही मांजर आहात का?"

शिक्षिकाबाईंनी त्यांच्या मांजरीची चादर आणून दिली. न धुतलेली, मुद्दाम. "नुसता वास घेऊ दे. बघा कसा निवळतो."

साहेबांनी चादर हुंगली. मग तोंड अर्धवट उघडलं, वरचा ओठ आक्रसला आणि काही क्षण तसेच शून्यात बघत राहिले.

"अगं, हा हसतोय माझ्याकडे बघून!"

"हसेल नाहीतर काय करेल," बायको म्हणाली.

नेमके त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले. सेक्रेटरी म्हणजे नियमांचा माणूस. जिन्यात दोन माणसं उभी दिसली तरी ते सभेचा कोरम मोजत. त्यांनी दाराशी बूट काढले. नवे, करकरीत, कुणा परक्या घराचे आणि परक्या रस्त्याचे वास घेऊन आलेले. टाकीची चर्चा वीस मिनिटं चालली. सेक्रेटरी उठले, उजवा पाय बुटात घातला आणि चेहऱ्यावरचा भाव न बदलता परत बाहेर काढला.

"मोजणीदार," ते म्हणाले, "ही हद्द झाली."

"कुठली?" मोजणीदारांच्या तोंडून सवयीने गेलं.

ते विनोद करत नव्हते, पण सेक्रेटरींना तो विनोद वाटला. संध्याकाळी नोटीस आली: सदर प्राण्याची नगरपालिकेत रीतसर नोंद आठ दिवसांत दाखवावी, तसेच कमिटीने पाहणी करता घरात दुर्गंधी आढळू नये, अन्यथा प्राणी इमारतीबाहेर हलवावा. खाली सही, शिक्का आणि तारीख.

बायकोने नोटीस दोनदा वाचली, घडी घातली आणि साखरेच्या डब्याखाली ठेवली. "हलवावा म्हणजे? खुर्ची आहे का ती?" मग कपाटावरच्या साहेबांकडे बघत म्हणाली, "डाग होता तर काय होत होतं हो तुम्हाला?"

ती कधी तक्रार करत नसे. म्हणून ते वाक्य मोजणीदारांना रात्रभर टोचलं.

सोमवारी ते नगरपालिकेत गेले. प्राण्यांची नोंद कुठल्या खिडकीवर होते हे विचारण्याची एक खिडकी होती. तिथून त्यांना चार नंबरला पाठवलं, चारने नऊला, आणि नऊवरचा कारकून म्हणाला की मांजराचा अर्ज वेगळा नसतो, कुत्र्याचाच घ्या आणि "कुत्रा" खोडून "मांजर" लिहा, मात्र खाडाखोड असलेला अर्ज चालत नाही. मोजणीदार सरकारी नोकरीत आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांना राग आला नाही. उलट माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी "कुत्रा" या शब्दाशेजारी सुवाच्य अक्षरात "किंवा मांजर" असं लिहिलं. कारकुनाने चष्म्यावरून त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"नाव?"

"साहेब."

"माझं नको, मांजराचं."

"तेच ते. साहेब."

कारकुनाने लिहून घेतलं. "ओळखीची खूण?"

मोजणीदार विचारात पडले. "गळ्याला पांढरा पट्टा."

"तसे शंभर आहेत. हे मांजर तुमच्या घरचंच आहे याची खूण. कायमची काहीतरी."

"कायमची खूण तशी होती," मोजणीदार हळूहळू म्हणाले. "भिंतीवर."

"भिंतीवर?"

"जमिनीपासून साडेनऊ इंच. दाराच्या चौकटीवर, टेबलाच्या पायावर, कपाटाच्या कोपऱ्यावर. सगळ्या एका उंचीला. सात वर्षं रोज..."

"मग आता कुठे आहे?"

"मी पुसली."

आणि हे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर मोजणीदारांचा हात अर्जावरच थांबला. एका उंचीला. ठरावीक कोपऱ्यांवर. रोज तपासलेल्या, रोज नव्याने ठळक केलेल्या. चौतीस वर्षं उन्हातान्हात उभं राहून ते लोकांना सांगत आले होते, की हद्दीची खूण पुसणारा माणूस सर्वांत हलका, कारण तो एका क्षणात दुसऱ्याची आयुष्यभराची झोप पुसतो. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं आणि त्यांना ते फार आवडायचं.

"काका, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" कारकून म्हणाला.

"नको. जनावरांचे डॉक्टर कुठे बसतात?"

"पहिल्या मजल्यावर. नाहीतरी त्यांचा दाखला लागेलच याला."

पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्या बाहीवर निरनिराळ्या रंगांचे केस होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फक्त विजारी उकळल्याचं आलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि थोडा वेळ तिकडेच पाहत राहिल्या.

"काका, मांजराच्या गालांत, हनुवटीवर, कपाळावर, पंजांच्या तळव्यांत, शेपटीच्या बुडाशी वासाच्या बारीक ग्रंथी असतात. गाल घासला की तिथे त्याचा वास लागतो. आपल्याला तो येत नाही, त्याला येतो. त्या वासाचा अर्थ एवढाच, की हे माझं, इथे सगळं ठीक आहे. आपण घरी आल्यावर आपली खुर्ची जागेवर बघतो ना, तसं."

"आणि धार?"

"ती घाबरल्यावर. जुन्या खुणा गेल्या, वर तुम्ही अमोनिया आणलात, वर दुसऱ्या मांजराची चादर. त्याला वाटलं घर हातचं चाललं. मग तो मोठ्या अक्षरांत लिहायला लागला."

"तो हसला होता माझ्याकडे बघून. तोंड उघडून."

"हसला नाही हो. मांजराच्या टाळूत वास चाखायची एक जागा असते. अनोळखी वास आला की ओठ वर करून तो तिथे नेतात. वाचत होता तो, नीट लक्ष देऊन."

मोजणीदारांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. "आता उपाय?"

"ती चादर परत करा. धारेच्या जागेसाठी हे द्रावण देते, याला अमोनिया नाही. आणि एक मऊ मोजा घ्या, त्याच्या गालांवरून हलकेच फिरवा, आणि जिथे जिथे खुणा होत्या तिथे तो मोजा घासा. त्याच्याच उंचीला. जमेल?"

"उंचीचं तुम्ही माझ्यावर सोडा," मोजणीदार म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला.

दाखला जोडून अर्ज दिला आणि घरी येऊन त्यांनी आधी कागदावर घराचा नकाशा काढला. एकास पन्नास प्रमाण, उत्तर वरती. मग आठवून आठवून एकेक खूण दाखवली. बायकोने आणखी दोन सांगितल्या, ज्या त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या: पलंगाचा पाय आणि तिच्या शिवणयंत्राची कड.

"तुला कसं माहीत?"

"मी पुसत नव्हते, बघत होते."

मोजा तिचा घेतला. कपाटाशी स्टूल लावून तिनेच तो साहेबांच्या गालांवरून फिरवला. साहेबांनी डोळे बारीक केले, पण हलले नाहीत. मग मोजणीदार गुडघे टेकून खाली बसले. एका हातात टेप, दुसऱ्या हातात मोजा. डाव्या गालाची खूण डावीकडून उजवीकडे, उजव्या गालाची उजवीकडून डावीकडे. शास्त्र म्हणजे शास्त्र.

दार उघडंच होतं. सेक्रेटरी नोटिशीची पोच मागायला आले, तेव्हा त्यांना दिसलं ते असं: एक निवृत्त सरकारी अधिकारी चार पायांवर रांगतो आहे, भिंतीला बायकोचा मोजा घासतो आहे आणि "साडेनऊ, साडेनऊ" असं पुटपुटतो आहे.

"काय चाललंय?" सेक्रेटरींनी दारातूनच विचारलं. बूट त्यांनी हातात धरले होते.

"फेरमोजणी," मोजणीदार न उठता म्हणाले. उठायला वेळ लागला असता आणि उठल्यावर काय बोलायचं हेही सुचत नव्हतं.

सेक्रेटरी पोच न घेताच गेले. पुढचे दोन दिवस जिन्यात लोक मोजणीदारांशी जरा हळू आवाजात, जपून बोलत होते. शिंप्याने तर त्यांचा हात धरून त्यांना दोन पायऱ्या उतरवून दिलं.

मंगळवार गेला. बुधवार गेला. मोजणीदार सकाळ-संध्याकाळ फेरी करत होते. मोजा, टेप, नकाशावर बारीक टिंब. नवं काथ्याचं पायपुसणंही जुन्या जागी आलं. धारा थांबल्या. बुधवारी साहेब खाली उतरून जेवले. पण गाल कशालाच लावला नाही. तीन वाजता बायको सोफ्यावर बसे, वर्तमानपत्र उलगडे. मांडीवर हात थोपटणं तिने बंद केलं होतं. गुरुवारी तिने गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. मोजणीदार ते बघत होते. खूण तुम्ही परत रोवू शकता, ती मानायची की नाही हे ज्याची जमीन त्याने ठरवायचं असतं, एवढं त्यांना कळत होतं.

शनिवारी आठ दिवस भरले. दुपारी तीनला, बायको गुडघ्यावर पिशवी ठेवून वर्तमानपत्र घेऊन सोफ्यावर बसली होती तेव्हा, कमिटी आली. कमिटी म्हणजे सेक्रेटरी, शिक्षिकाबाई आणि शिंपी. तिघे दिवाणखान्यात उभे राहून हुंगू लागले. सगळ्यांत लांब श्वास सेक्रेटरींचा.

"वास तर नाही," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही," शिंपी म्हणाला.

"नोंदीचा कागद?"

मोजणीदारांनी दिला. सेक्रेटरींनी तो शिक्क्यापासून वरच्या दिशेने वाचला. "ओळखीची खूण: निवासस्थानी, भूमीपासून साडेनऊ इंचांवर. म्हणजे काय?"

कुणी उत्तर द्यायच्या आत साहेब कपाटावरून उतरले.

ते कोपऱ्याशी आले. हुंगलं. साहेबांनी मान किंचित वाकडी केली, डावा गाल भिंतीला लावला आणि मिशांच्या टोकापासून कानाच्या मुळापर्यंत सावकाश घासला. मग चौकट. मग टेबलाचा पाय.

"अहो," बायको कुजबुजली.

"हलू नकोस," मोजणीदार कुजबुजले.

सेक्रेटरींनी चष्मा सारखा केला आणि खाली वाकून कोपरा पाहिला. "हा मात्र डाग पडायला लागलाय बघा. पुसून घ्या. फडकं आहे का?"

"पुसायचा नाही," मोजणीदार म्हणाले.

"अहो, पण भिंत..."

"ती हद्दीची खूण आहे. तिला हात लावायचा नाही." आवाज चढला नव्हता. पण दोन भावांच्या मधे दगडावर बसलेल्या माणसाचा तो आवाज होता, आणि सेक्रेटरींनी पुढे केलेला हात खिशात घातला. खिशात पेन लागलं, म्हणून मग त्यांनी कागदावर सहीच करून टाकली.

साहेबांनी त्यांचे बूट लांबूनच हुंगले आणि ते क्षुल्लक ठरवले. मग ते सोफ्याकडे वळले. बायकोने वर्तमानपत्र हळूच बाजूला ठेवलं. पण वाटेत मोजणीदार उभे होते. साहेब त्यांच्यापाशी थांबले. उकळून काढलेल्या विजारीला नाक लावलं, बराच वेळ. नकाशावर त्यांनी सगळ्या खुणा दाखवल्या होत्या, फक्त ही एक राहून गेली होती, कारण ती कोणत्या खोलीत दाखवायची हे त्यांना ठरवता आलं नव्हतं.

साहेबांनी कपाळ पोटरीवर टेकवलं आणि डावा गाल घासला. मग पलीकडून येऊन उजवा. मग उडी मारून ते बायकोच्या गुडघ्यावर गेले आणि डोळे मिटले. गरम पाण्याची पिशवी घरंगळून खाली पडली, ती कुणी उचलली नाही.

कमिटी निघाली. शिक्षिकाबाई दारातून म्हणाल्या, "काका, बसा की आता. किती वेळ उभे आहात!"

मोजणीदार जागचे हलले नाहीत. आपण कोण आहोत हे त्यांना आत्ताच कळलं होतं, आणि हद्दीच्या दगडाने हलायचं नसतं.